हाताचे वजन

नेद्याल्काने तिखट चटणीच्या दोन बरण्या पियानोच्या उजव्या टोकाला एकावर एक रचल्या आणि वरच्या बरणीला टेकवून फोन उभा केला. फोन घसरला. मागे स्वरलिपीचे एक जाडजूड पुस्तक लावले, तेव्हा कुठे तो थांबला.

"जरा खाली वळवा, ताई," फोनमधून कामेन म्हणाला. "मला तुमचं मनगट बघायचंय. आत्ता तुमच्या यजमानांचे मोजे दिसताहेत."

सोफ्यावर पेपर वाचत बसलेल्या स्पासने पाय मागे ओढले.

"मोज्यांचे वेगळे पैसे पडतील म्हणावं," तो पुटपुटला.

मंगळवारी सकाळी अकराला हा तास असे. कामेन प्लोवदिवला राहत होता, वय तिशीचे, मागे भिंतीवर सायकल टांगलेली. आजचा सहावा तास. पहिल्या दिवशी त्याने विचारले होते, तुम्ही काय करता? नेद्याल्का म्हणाली होती, हिशेबनीस होते, निवृत्त झाले, हौस म्हणून वाजवते. खरे तर दुपारी एकला तिला शाळेत पोचायचे असे. शहरातल्या संगीतशाळेत ती चौतीस वर्षे पियानो शिकवत होती.

हिवाळ्यात तिच्या उजव्या हातात कोपराखाली जळजळ सुरू झाली. आधी फक्त वाजवताना, मग किटली उचलतानाही. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. विश्रांतीने हात बरा व्हायचा, पियानोशी बसले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एकदा फोनवर दुखण्याविषयी शोधताना कामेनचा व्हिडिओ सापडला. पियानो वाजवून हात दुखत असेल तर दोष हाताचा नसतो, असे तो त्यात सांगत होता. तिने आवाज बारीक करून तो चार वेळा पाहिला.

"आता हात मांडीवर टाका," कामेन म्हणाला. "ओला टॉवेल टाकतो तसा."

तिने टाकला.

"हे ठेवणं झालं. टाका."

तिसऱ्यांदा हात खरोखरच पडला. वसंताच्या शुभेच्छेसाठी मार्चमध्ये मनगटावर बांधतात तो तांबडा-पांढरा दोरा हलला.

"हां! आता तोच हात पट्ट्यांवर. बोट उचलायचं नाही. खांद्यापासूनचं सगळं वजन मधल्या बोटावर येऊ द्या आणि तिथंच उभ्या राहा."

सूर उमटला. रुंद, गोल, आदळल्याचा जराही आवाज नसलेला. स्पासने पेपर खाली केला. लग्नाला अडतीस वर्षे झाली होती, घरातला हा पियानो त्याच्या कानात मुरलेला होता, पण हा आवाज त्याने ऐकलेला नव्हता.

"आता तुमच्या जुन्या सवयीनं वाजवा."

तिची बोटे हातोड्यांसारखी वर उठली आणि पट्ट्यांवर उतरू लागली.

"थांबा. हात हलवू नका, नुसतं बघा. मनगट करंगळीच्या बाजूला मुरडलंय. बोट एका दिशेला, हात दुसऱ्या. दुखतं ते इथंच ना?" त्याने स्वतःच्या कोपराखाली बोट टेकवले.

"तिथंच."

"तुमच्या बाई हाताच्या पाठीवर नाणं ठेवायच्या का? नाणं पडलं की पुन्हा पहिल्यापासून?"

"ठेवायच्या," नेद्याल्का म्हणाली. तसेच एक नाणे तिच्या शाळेतल्या खणातही होते, हे ती बोलली नाही. मग तिने विचारले, "असं शिकलेल्या मुलांचं पुढं काय होतं?"

"काहींचं काहीच बिघडत नाही. ज्यांचे हात मोठे आहेत ती आपापली वाट काढतात. बाकीच्यांचे हात दुखतात. बाई म्हणतात, सराव कमी पडतोय. मग ती बिचारी आणखी सराव करतात."

"आणि?"

"आणि एक दिवस सोडून देतात. लोक म्हणतात, अंगात नव्हतंच."

नेद्याल्काने दोन्ही हात मांडीवर घेतले.

"कामेन, मी हिशेबनीस नाही."

"ठाऊक आहे की. पहिल्या तासाला मी वाजवून दाखवत होतो, तर तुम्ही मला दटावलंत, 'पाठ सरळ!' हिशेबनीस असं बोलतात होय?"

स्पास खो-खो हसला. नेद्याल्का हसली नाही. तास संपला, तिने फोन बंद केला, तरी ती स्टुलावरच बसून राहिली.

"अगं, एवढं काय त्यात?" स्पास म्हणाला. "थाप मारलीस, पकडली गेलीस. झालं."

"बिल्याना," ती म्हणाली.

"कोण? औषधवाली?"

औषधवाली. सतरा वर्षांपूर्वी तीच बिल्याना तिच्या वर्गातली सगळ्यात गुणी मुलगी होती. तळहात लहान, चौकोनी, आणि कान असा की एखादा सूर किंचित उतरला तरी तिचा चेहरा बदलायचा. सोफियातल्या संगीत महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेला दोन महिने उरले असताना ती म्हणाली होती, बाई, हात दुखतो. नेद्याल्काने उत्तर दिले होते, आळसाला शंभर दुखणी असतात. हेच तिने पालकसभेत मुलीच्या आईलाही सांगितले. परीक्षेच्या दिवशी तिसऱ्या पानावर बिल्यानाचा हात थांबला तो थांबलाच. पुढे ती औषधशास्त्र शिकली आणि परत येऊन मंडईसमोरच्या दुकानात उभी राहिली. हिवाळाभर नेद्याल्का तिच्याकडूनच मलम आणत होती. जानेवारीत बिल्यानाने विचारले होते, कुठं दुखतं? आणि उत्तराची वाट न पाहता काउंटरवरून बोट पुढे करून नेमकी जागा दाखवली होती. इथं? तेव्हा नेद्याल्काला वाटले होते, औषधवाल्यांना असले सगळे माहीतच असते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती दुकानासमोर जाऊन उभी राहिली. बिल्याना पांढऱ्या कोटावर जाकीट चढवून बाहेर आली. हातात कागदात गुंडाळलेला चीजचा पराठा होता.

"मलम संपलं इतक्यात? रोज थापताय की काय, बाई?"

"मलम नको. मला बोलायचंय. तू खा, तू खात असतानाच बोलते."

डॅन्यूब नदीकडून बोचरा वारा येत होता. त्या भिंतीच्या आडोशाला उभ्या राहिल्या. नेद्याल्काने वाक्ये घरून जुळवून आणली होती, त्यातले एकही आठवेना.

"तुझा हात खरंच दुखत होता," ती म्हणाली. "मी शिकवलं तेच चूक होतं. मनगट मुरडून, बोटं आपटून. माझ्या बाईंनी मला शिकवलं, मी तुला. तू आळशी नव्हतीस. आता माझाच हात गेला, तेव्हा मला कळतंय."

बिल्याना चावत होती ती थांबली. मग तिने घास गिळला.

"मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. हाताचे व्यायाम करून घेणारी एक बाई होती, तिनं माझा हात धरून बघितलं आणि विचारलं, पियानो वाजवायचीस का गं?"

"मग येऊन मला तोंडावर बोलायचंस!"

"तुम्हाला?" बिल्याना हसली. "तुमच्यासमोर शिंक आली तरी आम्ही परवानगी मागायचो."

माफी हा शब्द नेद्याल्काच्या जिभेवर कधी फारसा आलेला नव्हता, आताही तो अर्ध्या वाटेवर अडला. बिल्यानानेच पराठ्याचा कागद चुरगळून खिशात टाकला.

"बाई, एक करा. हे माझ्या आईला सांगा."

"आईला?"

"ती अजून म्हणते ना. परवा माझ्या मुलीनं दूध अर्धं टाकलं, तर म्हणाली, आईसारखीच, काही शेवटाला न्यायचं नाही. मी दहादा सांगितलंय. माझं ती ऐकत नाही. तुमचं ऐकेल. तुमच्याच शब्दावर तर तिनं विश्वास ठेवला होता."

शनिवारी दुपारी नेद्याल्का गेली. लिफ्ट बंद होती, पाच मजले चढून जावे लागले. बिल्यानाच्या आईने, स्तोइनाने, दार उघडले आणि तिच्या चेहऱ्यावर एकदम सण उतरला.

"बाई! अहो, माझ्या दारात तुम्ही! आधी फोन तरी करायचा, पाव भाजला असता. या, या. जोडे असू द्या. बरं, नको, या सपाता घाला."

बैठकीत पियानो होता. झाकण बंद, वर क्रोशाचा रुमाल आणि नातीचे फोटो. स्तोइनाने कॉफी आणली, बशीत चमचाभर चेरीचा मुरंबा, शेजारी पाण्याचा पेला. मग आपणहून बोलू लागली.

"विकला नाही हो. बिल्याना म्हणते, काढून टाक, जागा अडते. पण मीच नाही म्हणते. तुम्ही किती जीव तोडून शिकवलंत, आणि आमच्या पोरीनं..."

"स्तोइनाबाई, त्याविषयीच आलेय," नेद्याल्का म्हणाली.

या वेळी तिने सगळे सांगितले. हिवाळ्यातले दुखणे, प्लोवदिवचा मुलगा, करंगळीकडे वळणारे मनगट. पालकसभेत आपण काय म्हणालो होतो, तेही शब्दन् शब्द सांगितले, आणि ते खोटे होते असे म्हणाली. स्तोइना आधी मान हलवत ऐकत होती. मग तिची मान थांबली. तिने मांडीवरचा रुमाल उलगडला, पुन्हा घडी घातली, पुन्हा उलगडला.

"त्या दिवशी सोफियाहून येताना," ती शेवटी म्हणाली, "गाडीत पाच तास मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. ती हात कुशीत धरून बसली होती. मला वाटलं, नाटक करतेय."

नेद्याल्काने हातातला पेला खाली ठेवला.

"तुम्ही आज म्हणालात, चुकलं. तुमचं मोकळं झालं, बाई. मी त्या पाच तासांचं काय करू?"

"माझंही मोकळं झालेलं नाही," नेद्याल्का म्हणाली. "आणि तुम्ही काय करायचं ते मला सांगता येत नाही."

कॉफीवर साय धरली. खाली कुणीतरी गालिचा झटकत होते, त्याचे धपके वर येत होते. स्तोइना उठली, चष्मा शोधून आणला, फोन डोळ्यांजवळ धरला.

"शनिवार आहे. दुकानात गर्दी असेल आता."

"असेल."

"संध्याकाळी करू का?"

आता निघावे म्हणून नेद्याल्काने पर्स उचलली, तेवढ्यात स्तोइनाने एका हाताने तिची बाही धरली आणि दुसऱ्या हाताने लेकीचा नंबर लावला.

पलीकडे घंटा वाजू लागली. नेद्याल्का पुन्हा खाली बसली.