पाठीवरची आफिया

पैज लावा, या गोष्टीवर कुणाचा विश्वास बसणार नाही. सफीच्या बंदरावर असे कोळी आहेत, ज्यांनी देवमाशाला शिंकताना पाहिलंय आणि वर त्याला 'अल्ला रहम करो' असंही म्हटलंय. त्यांनीसुद्धा ही गोष्ट ऐकून मान हलवली. पण गोष्ट सोळा आणे खरी. एक शब्द होता. चांगला, गुटगुटीत, आशीर्वादाचा शब्द. तो शर्टाच्या पाठीवर बसून पार अरबी मुलखाच्या पूर्व टोकाच्या अम्मानहून निघाला आणि इकडे पश्चिम टोकाच्या सफीत उतरला तेव्हा त्याची शिवी झाली होती. वाटेत कुणी त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

तेव्हा बूशाइब नुकताच माणसात आला होता. त्याआधी त्याचं सगळं आयुष्य सार्डिन मासे डब्यात भरण्याच्या कारखान्यात गेलेलं. अंगाला वास असा मुरला होता की तो मशिदीत शिरला की गावातली मांजरं दाराशी रांग धरून बसायची आणि इमामाला नमाज आवरता घ्यावा लागायचा. मग अम्मानच्या 'वसबा' कंपनीनं समुद्राकडच्या रस्त्यावर खेळाच्या बुटांचं आणि शर्टांचं दुकान टाकलं आणि बूशाइबला गल्ल्यावर बसवलं. महिन्याभरात मांजरांनी नाद सोडला. बायको त्याच्या उशीशेजारी उशी ठेवू लागली. माणसाला आणखी काय लागतं?

एवढंच होतं, की दुकान रांगत होतं. मालक हिकमत फोनवर गोड बोलायचा, इकडच्या रीतीनं नावाआधी मानाचं 'सी' लावायचा, पण त्यानं स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "सी बूशाइब, वसबा म्हणजे उडी. आपण नुसते बूट विकत नाही, माणसं जोडतो. गिऱ्हाइकांचं एक मंडळ करायचंय. महिनाअखेरच्या रविवारी मी स्वतः येतो, सगळ्यांबरोबर कुंभारटेकडीपर्यंत धावतो. माणसं जमली तर सफीचं दुकान राहील. नाही जमली तर मला ते बंद करावं लागेल."

मंडळाचं नाव त्यानंच ठरवलं, शर्टावर छापलं आणि खोके पाठवून दिले. बूशाइबनं पहिला खोका फोडला, शर्ट झटकला, पाठ वाचली आणि मटकन खाली बसला.

पाठीवर लिहिलं होतं, 'अहल अल-आफिया'.

तिकडे अम्मानला आफिया म्हणजे प्रकृती, तब्येत, अंगातलं बळ. अहल अल-आफिया म्हणजे धडधाकट, निरोगी मंडळी. आणि इकडे? इकडे आफिया म्हणजे आग. चुलीतली आफिया, कुंभाराच्या आव्यातली आफिया, आणि मेल्यावर पापी माणसाची वाट बघत बसलेली तीही आफियाच. म्हणजे कंपनीनं सफीच्या भल्या माणसांच्या पाठीवर ठसठशीत अक्षरांत लिहून पाठवलं होतं, 'नरकवासी'.

बूशाइबनं खोका परत बांधायला घेतला, पण तोवर सगळ्या गिऱ्हाइकांच्या फोनवर अम्मानहून निरोप येऊन धडकले होते. 'प्रिय आफियावाल्यांनो, आपला शर्ट घेऊन जा.'

पहिली आली हाज्जा ताम्मू. शहरातली सगळ्यात जास्त चालणारी बाई. तिच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरनं चालायला सांगितलं होतं, आणि तिनं ते इतकं मनावर घेतलं की डॉक्टर रस्ता बदलून जायचा. तिनं शर्ट दोन बोटांत धरून वर उचलला.

"बूशाइबा, हे काय आहे?"

"शर्ट आहे, हाज्जा. घाम शोषून घेतो."

"घाम शोषतो ते दिसतंय. लिहिलंय काय?"

"आरोग्याचे लोक," बूशाइब भिंतीकडे बघत म्हणाला.

"मी हज करून आलेली बाई! सात फेऱ्या मारल्या, सैतानाला खडे मारले, आणि आता पाठीवर त्याच्या घरचा पत्ता लावून फिरू? लेका, मी रस्त्यात मेले तर फरिश्ते पाठ वाचतील आणि थेट खाली नेऊन सोडतील. विचारणारसुद्धा नाहीत!"

तिच्यामागे शाळेत अरबी शिकवणारे मास्तर उभे होते. ते चष्मा पुसत म्हणाले, "हाज्जा, शुद्ध भाषेत या शब्दाचा अर्थ आरोग्य असाच आहे. शब्दकोशात बघा."

"मग शब्दकोश घाला अंगात!" हाज्जा म्हणाली. "आणि मास्तर, तुम्ही हा शर्ट घालून जाल का सासऱ्यांकडे?"

मास्तरांनी शर्टाची घडी केली आणि हळूच टेबलावर ठेवली.

त्यानंतर नुसती रीघ लागली. एकानं सांगितलं, शर्ट दोरीवर वाळत घातला तर शेजारणीनं पाठीवरचं वाचून बादलीभर पाणी मारलं. दुसऱ्याची तक्रार होती की सासूनं त्याला दारातच उभं करून मीठ-मोहरी ओवाळली. एका मुलीच्या घरी बघायला आलेले पाहुणे तिच्या भावाची पाठ पाहून चहाला तोंड न लावता उठले म्हणे. खरंखोटं अल्लाला ठाऊक. पण परत आलेल्या शर्टांचा ढीग मात्र खरा होता. तो इतका वाढला की बूशाइबला गल्ल्यापर्यंत जायला आडवं होऊन सरकावं लागे.

"नाव बदला," सगळ्यांचं एकच म्हणणं. "नाहीतर रविवारी आम्ही नाही."

बूशाइबनं फोन लावला. मनात वाक्य तयार होतं. 'उस्ताद, तुमचा शब्द इकडे शिवी आहे.' साधं वाक्य, लहान पोरानंही बोलून टाकलं असतं. पण पलीकडे हिकमत आधीच सुरू झाला होता.

"सी बूशाइब, नाव आवडलं का सगळ्यांना? सांगतो तुम्हाला, हे नाव माझ्या आईचं आहे हो. ती गेली गेल्या वर्षी. आयुष्यभर दारावरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाला, झाडूवाल्याला, पाववाल्याला, ती म्हणायची 'यातीक अल-आफिया'. देव तुला बळ देवो. तेच मी पाठीवर छापलं. माझी आईच आहे ती."

बूशाइबच्या घशाशी आलेलं वाक्य पुन्हा पोटात गेलं.

"फार... फार गरम नाव आहे, उस्ताद," तो म्हणाला.

"गरम! वा!" हिकमत खूश झाला.

आता विचार करा. माणसाच्या मेलेल्या आईला शिवी कोण म्हणणार? आणि न म्हणावं तर रविवारी दुकान रिकामं, सोमवारी कुलूप, आणि मंगळवारी पुन्हा ती सार्डिन, तो वास, ती मांजरं आणि बायकोची उशी दुसऱ्या खोलीत. बूशाइबला जेवण जाईना. बायकोनं समोर ठेवलेले सार्डिनचे वडे तर बघवतसुद्धा नव्हते.

रविवार उजाडला. बूशाइबला मालकासमोर कंपनीचा शर्ट घालून उभं राहणं भाग होतं, आणि तो शर्ट घालून गल्लीतून चालत जाणं शक्य नव्हतं. म्हणून त्यानं एक युक्ती केली. शर्ट उलटा घातला, अक्षरं आत, शिवण बाहेर. दुकानात पोचलं की सुलटा करू, असं मनाशी म्हणत तो निघाला.

दुकानापाशी माणसं जमली होती, नाही असं नाही. पण धावायला नव्हे, भांडायला. हाज्जा ताम्मू पुढे, मास्तर मागे, सगळ्यांच्या हातात शर्ट, अंगात कुणाच्याच नाही. बूशाइब कुलपात किल्ली घालतोय तेवढ्यात टॅक्सी येऊन थांबली. मालक अर्धा तास आधी! आता शर्ट सुलटा कुठे करणार?

हिकमत उतरला. गोलमटोल, हसरा, नवे कोरे बूट घातलेला. ड्रायव्हर महजूबनं मागचं झाकण उघडून त्याची जड बॅग काढली, खांद्यावर घेतली, दाराशी आणून ठेवली. हिकमतनं छातीवर हात ठेवला आणि अगदी मनापासून म्हटलं, "यातीक अल-आफिया!"

जमलेले सगळे दोन पावलं मागे सरकले. महजूबनं बॅग परत उचलली, टॅक्सीपाशी नेली आणि धाडकन खाली टाकली.

"मला? तुझी बॅग वाहिली म्हणून मला आग देतोस? माझ्या बापाला लागो म्हणालास की फक्त मला?"

"अहो, मी तर..."

"कासाब्लांकापासून तुझी गाणी ऐकली! सगळी रडकी! आणि वर आग?"

बूशाइब मध्ये पडला. "महजूब, अरे थांब. तिकडच्या बोलीत आफिया म्हणजे तब्येत. ते तुला दुआ देतायत."

महजूब हिकमतकडे बघत राहिला. "तब्येत?"

"तब्येत," हिकमत म्हणाला. "आणि इथे?"

मास्तर चष्मा पुसू लागले. शेवटी हाज्जा ताम्मूनं हातातला शर्ट पुढे धरला आणि पाठीवर बोट ठेवलं. "इथे आग, बाळा. तू आम्हाला आगीचे लोक म्हणतोयस."

"हा तर माझ्या आईचा आशीर्वाद आहे हो," हिकमत म्हणाला. तो दुकानाच्या पायरीवर बसला, शर्ट मांडीवर घेतला. बूशाइबला वाटलं, झालं, संपलं, आता हा उठेल आणि किल्ली मागेल. पण हिकमतचे खांदे हलायला लागले. रडतोय म्हणून बूशाइब खाली वाकला, तर तो हसत होता.

"सी बूशाइब! म्हणजे ते उद्धट नव्हते!"

"कोण?"

"सगळे! मागच्या खेपेला मी हॉटेलवाल्याला म्हणालो, त्यानं चहा उचलून नेला. पोलिसाला म्हणालो, त्यानं पुन्हा कागद मागितले. न्हाव्याला म्हणालो तेव्हा त्याच्या हातात वस्तरा होता, देवानंच वाचवलं! मी घरी जाऊन सांगितलं, बूट चांगले खपतील पण माणसं फार कडू आहेत. दुकान बंद करायचं तेव्हापासूनच डोक्यात होतं. आणि तुम्ही लोक तर..." त्यानं डोळे पुसले. "मीच सगळ्यांना आग वाटत फिरत होतो!"

महजूबनं गुपचूप बॅग पुन्हा दाराशी आणून ठेवली.

मग हाज्जा त्याच्याशेजारी पायरीवर टेकली. "आणि तुझी आई चुकली नव्हती हो. आमचे जुने लोक आगीचं खरं नाव घ्यायला घाबरायचे. नरकाचंच नाव ते. म्हणून तुमचाच तब्येतीचा शब्द घेऊन तिला लाडानं आफिया म्हणायला लागले, म्हणजे ती घर जाळणार नाही. शब्द तुझ्या आईचाच आहे. आमच्याकडे येऊन चुलीत बसला, एवढंच."

हिकमतनं मांडीवरचा शर्ट उचलून छातीशी धरला. मग त्यानं मान वर केली आणि त्याची नजर बूशाइबवर गेली.

"सी बूशाइब, तुमचा शर्ट उलटा आहे."

बूशाइबनं खाली बघितलं. शिवणी, धागे, कडेला लोंबणारी चिठ्ठी. "मकलूब," तो पुटपुटला. उलटा. "उस्ताद, तुमच्यासमोर सुलटा करणार होतो. गल्लीतून येताना... लोक बघतात..."

"काय म्हणालात? मकलूब? आमच्याकडे मकलूबा म्हणजे जेवण! भात, वांगी, मांस, सगळं पातेल्यात लावायचं आणि परातीत उलटं करायचं. आई दर शुक्रवारी करायची. पातेलं उलटताना सगळं घर श्वास रोखून बसायचं!"

तेवढ्यात मास्तरांनी, काय मनात आलं कोण जाणे, आपला शर्ट उलटा करून अंगात घातला. मग शेजाऱ्यानं. मग सगळ्यांनी. कुणी आफिया पोटाशी धरली, कुणी आफिया पाठीशी लपवली, बाहेर मात्र नुसत्या शिवणी. महजूबनंही एक मागून घेतला.

"आता आम्हाला म्हणायचं काय?" हिकमतनं विचारलं. "या वेळी तुम्हीच सांगा. मी तोंड उघडत नाही."

"मकलूबीन," कुणीतरी ओरडलं. "उलटी माणसं!"

"तीही शिवीच झाली की!" हिकमत घाबरला.

"झाली तर झाली," हाज्जा म्हणाली. "आमची आम्ही घेतलेली आहे."

हिकमतनं तिथल्या तिथे बूशाइबचा हात हातात घेतला. दुकान राहणार. शिवाय पुढच्या वर्षी त्याला शेजारचा गाळाही जोडायचा. बूशाइबनं इतका मोठा श्वास सोडला की दारावरचा पडदा रस्त्यापलीकडे जाऊन पडला आणि बंदरातल्या दोन होड्या सुटून खोल समुद्रात गेल्या. त्यांना ओढून आणावं लागलं.

मग धावणं सुरू झालं. कड्यावरच्या रस्त्यानं, वारा अंगावर घेत. कुंभारटेकडीवर त्या दिवशी आवे पेटले होते, कुंभार बाहेर येऊन टाळ्या वाजवत होते. हिकमत पहिल्याच चढाला दमला, त्याला एका गाढवावर बसवलं आणि गाढवालाही शर्ट घातला, अर्थातच उलटा. मास्तर धावता धावता शब्दकोशातले अर्थ सांगत होते, म्हणून त्यांच्या आसपास कुणी थांबेना आणि सगळ्यांचा वेग वाढला. बूशाइब तर अंगावरून डोंगर उतरल्यासारखा पळत होता, पाय जमिनीला लागत नव्हते. टेकडीवर पहिला पोचला तो बूशाइबच. आणि हाज्जा ताम्मू? ती मासळी बाजारापाशीच थांबली, भाजलेल्या सार्डिनच्या गाडीवर बसली, आणि लोक परत आले तेव्हा तिच्यासमोर काट्यांचा एवढा मोठा...

"खोटारड्या!" दुकानाच्या बाकावर बुटाची नाडी बांधत बसलेली हाज्जा ताम्मू गोष्ट सांगणाऱ्या म्हाताऱ्यावर ताडकन उठली. एका पायात नवा बूट, दुसरा हातात. "बा अल्लाल, दाढी पांढरी झाली तरी लाज नाही! देवमासा शिंकला, होड्या पळाल्या, सगळं ऐकून घेतलं मी. पण टेकडीवर पहिली मी पोचले होते! विचार त्या बूशाइबला, आत्ता, माझ्या तोंडावर!"