कुरकुरत्या कड्यांचा पाळणा

मी एक जुना पाळणा आहे. कुणाच्या घरातला नव्हे, देवाच्या घरातला. अमडापूरच्या ख्रिस्ती मंडळीचे जे कौलारू प्रार्थनामंदिर आहे, त्यात अगदी मागे, बायका बसतात तिथे, आढ्याला मी टांगलेला आहे. माझ्या कड्या कुरकुरतात. त्यापायी मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. पण मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला त्याची मुळीच लाज वाटत नाही.

मला घडवले पुंजाजी सुताराने. त्याच्या सुनेला, कोकिळेला, पहिल्यांदा दिवस गेले होते. पुंजाजीने सागाच्या फळ्या तासल्या, चार कोपऱ्यांवर चार चिमण्या कोरायला घेतल्या. चौथी चिमणी हातात असतानाच कोकिळेला कळा सुरू झाल्या. गावची सुईण म्हणाली, "मूल आडवं हाय, हे माह्या हातचं नाई." चिखलीच्या नर्सबाईंना आणायला गाडी धाडली. पावसाळ्याचे दिवस, काळी चिकट माती. चाके रुतली ती रुतलीच. नर्सबाई पोचल्या तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार झाली होती. कोकिळा वाचली. मी रिकामा राहिलो. चौथ्या चिमणीला चोच करायची राहून गेली.

पुंजाजीला मी घरात बघवेना. त्याने मला खांद्यावर टाकले आणि प्रार्थनामंदिरात आणून बांधले. "मंडळीची लेकरं झोपतील," एवढेच तो म्हणाला.

आणि झोपली! किती लेकरे झोपली म्हणून सांगू! बाया शेतातून थकून येत, पोर माझ्यात टाकत आणि निवांत उपदेश ऐकत. सुरुवातीला माझे कौतुक झाले. पुढे कड्या गंजल्या, मी कुरकुरू लागलो, आणि पुढच्या बाकांवरचे पुरुष मागे वळून वळून पाहू लागले.

मग एका माघात वऱ्हाडच्या सगळ्या मंडळ्यांची मोठी सभा अमडापुरात भरली. लोणार, साखरखेर्डा, चिखली, कुठून कुठून गाड्या आल्या. येत्या दहा वर्षांत आपल्या मंडळ्यांनी मिळून काय करायचे, ते ठरवायचे होते. अध्यक्ष होते शालिग्राम पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू. त्यांच्या हातातला उद्दिष्टांचा कागद नागपूरहून आधीच छापून आला होता.

लोणारच्या तानुबाई पदर सावरत कुजबुजल्या, "आधी छापलं अन् मंग इचारून राह्यले का हो?"

या मंडळ्यांची एक जुनी रीत आहे. उद्दिष्ट वाचून दाखवायचे. पटले तर उभे राहायचे. एकही माणूस बसलेला असेल, तर ते साऱ्यांचे म्हणायचे नाही, बसलेल्याचे ऐकायचे. रीत घालणाऱ्यांच्या मनात तेव्हा पुरुषच असणार. पण 'एकही पुरुष' असे कुणी लिहून ठेवले नव्हते.

कोकिळा माझ्याजवळ बसली होती. माझ्यात तिची तीन महिन्यांची मुलगी होती. लोणारला मुलांचे वसतिगृह: सारे उठले, कोकिळाही दोरी हातात धरून उठली. खेड्यापाड्यांत उपदेशक: पुन्हा सारे उठले. तिसरे आले, अमडापूरला उंच मनोरा आणि मोठी घंटा.

"घंटा वाजली की चार गावांना कळेल, आपण इथे आहोत," शालिग्राम पाळक म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. बाके सरकली, सारे उभे राहिले. पुंजाजीही उठला.

कोकिळा बसून राहिली.

"बाईंना लेकरू आहे, त्यांचं धरू नका," पाळक हसून म्हणाले.

"धरा, पाळकसाहेब," कोकिळा म्हणाली. "लेकरू हाय म्हणूनच बसली मी. पाय दुखून राह्यले म्हणून नाई."

"काऊन बसल्या मंग?" पुढून कुणीतरी ओरडले.

"घंटेनं बाळंतपण होते का, भाऊ? चिखलीहून नर्सबाई येईपर्यंत माणूस राह्यते का? आमाले नर्सबाई पाह्यजे. इथं. अमडापुरात राहाणारी."

कुजबुज वाढली. मी कुरकुरलो. मुद्दाम म्हणा हवे तर.

"पुंजाजी," पाळकांनी सांगितले, "पाळणा सोडा जरा. लेकरू बाहेर ओट्यावर नेऊ, म्हणजे बाईंना मोकळेपणी उभं राहता येईल."

पुंजाजी आला. गाठ त्याचीच, एका झटक्यात सुटणारी. त्याचा हात गाठीवर पडला आणि माझा जीव कड्यांत आला. मग तो हात खाली घसरला, बिनचोचीच्या चिमणीवर. तिथेच थांबला.

"मामंजी," कोकिळा हळूच म्हणाली.

पुंजाजी माझ्याखाली मांडी घालून बसला.

"अहो, पुंजाजी!"

"ऐका तिचं," तो म्हणाला. "मी उभा राह्यलो, चुकलो."

मग तानुबाई बसल्या. मग त्यांच्या शेजारणी. मग साखरखेर्ड्याच्या बाकावरचे दोन म्हातारे. उभे राहिलेले पाळक कागदाकडे पाहत राहिले. रीत त्यांना सगळ्यांत जास्त ठाऊक होती. त्यांनी शाईची दौत मागवली, छापील ओळीवर रेघ मारली आणि वर हाताने लिहिले, 'अमडापुरात राहणारी नर्सबाई'. वाचून दाखवले. आता कोकिळा उठली, मुलीला उराशी घेऊन, सर्वांत आधी.

पुढच्या सालच्या ज्वारीच्या सोंगणीला नर्स विमलबाई अमडापुरात राहायला आल्या. मनोरा अजून झालेला नाही. होईल तेव्हा होईल.

त्या आठवड्यात पुंजाजी पटाशी आणि तेलाचे बुधले घेऊन माझ्यापाशी आला. आधी त्याने चिमणीला चोच केली. मग बुधल्याचे बूच काढले.

"मामंजी, तेल नका घालू," कोकिळा म्हणाली. "कुरकुरू द्या त्याले. पुढच्या बाकांले आठोन राहील, मागं कोन बसलं हाय ते."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सांगायची आम्हा जुन्यांची रीत आहे. माझी दोरी बदला, माझी फळी झिजली तर नवी ठोका, जरूर जपा. पण गप्प करण्यासाठी मला जपू नका. तुमची सभा भरेल, मोठमोठे बेत वाचले जातील, तेव्हा मी इथेच मागे टांगलेला असेन, कुणाचे तरी लेकरू पोटात घेऊन. आणि मी कुरकुरणार.