देवाचा कोंबडा

"एवढ्या जाड तंगड्या गावठीला?" चांगो भगताने कोंबडा उचलून तोलला. "बुधे, देवाला बॉयलर चालत नाय हां!"

काजलचा नवरा जगन झाडावरून पडून वाचला, म्हणून त्याच्या आईने, बुधीने, गावदेवाला गावठी कोंबड्याचा नवस बोलला होता. तो फेडायचा होता या कोंबड्याने. आणि कोंबडा गावठी नव्हता, हे सबंध पाड्यात एकट्या काजललाच ठाऊक होतं.

ती कल्याणची. लग्नानंतर सासूने तिला खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायला सांगितली, तर या शहाणीने फ्रिजमधली गार अंडी खाली ठेवली! कसली फुटतायत? बाया हसतील म्हणून तिने बाजारातून फार्मचं पिल्लू आणून गुपचूप कोंबडीच्या पंखाखाली सरकवलं. कोंबडीने ते आपलं म्हटलं. काजलनेही म्हटलं. या परक्या गावात तिच्या हाकेला धावून येणारं तेवढंच एक होतं.

"माज्या कोंबडीखाली निंगालाय तो," बुधी तडकली.

"मंग सांज होऊ दे. झाडावर चढला तर गावठी. भुईवर बसला तर ऱ्हाऊ दे घरीच."

सगळे बुधीच्या अंगणात थांबले. नको चढू रे, असं काजलला मनापासून वाटलं, म्हणजे जिवानिशी वाचशील. लगेच दुसरं मन म्हणालं, नाही चढला तर तुझं बिंग फुटेल, जन्मभर शहरातलीच राहशील.

दिवस मावळला. कोंबडी आंब्यावर चढली. कोंबडा खालीच घुटमळला, मान वाकडी करून वर पाहिलं, जड अंगाने दोनदा आपटला आणि तिसऱ्यांदा आईशेजारी फांदीवर जाऊन बसला.

"गावठी!" चांगो हसला. "उतरवा आता. टोपलीखाली ठेवा, सकाळी लवकर जायचंय देवाला."

काजलने तोंड उघडलं. आता बोलली तर तो वाचला असता. तेवढ्यात बुधीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि चारचौघांत म्हणाली, "माज्या सुनेनं वाढवलाय."

आजवर बुधी तिला 'ती कल्याणवाली' म्हणायची.

काजलने तोंड मिटलं. झाडाखाली जाऊन हात पसरले. "ये, ये, ये," तिने हाक दिली.

तो लगेच उतरला.

तिने त्याला पोटाशी घट्ट धरलं आणि चांगोच्या हातात दिलं.