खिडकीतली जागा आणि अश्रूवाले स्पीकर

माझा साडू वजनकाटे तपासायच्या नोकरीत आहे. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक त्याला दुकानाच्या पायरीवरूनच कळतं. असा माणूस जाहिरातीला भुलला म्हटलं की लोक मलाच थापाड्या म्हणतात. मी थापा मारतो, नाही असं नाही. पण ही थाप नव्हे. हिच्यात मी फक्त चवीपुरतं मीठ घातलंय.

जाहिरात दर दहा मिनिटांनी लागायची. एक टकला माणूस खुर्चीत बसतो, डोळे मिटतो, संगीत सुरू होतं आणि त्याच्या डाव्या गालावरून एकच थेंब ओघळतो. खाली अक्षरं येतात : 'ऐकू नका. अनुभवा.' साडूही टकलाच. त्याला वाटलं, हे आपल्यालाच उद्देशून चाललंय.

स्पीकर आले तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं कपाटं आली. किंमत त्याने बायकोला अर्धीच सांगितली, आणि त्या अर्ध्यानेच ती मटकन खाली बसली. सोबत एक जाडजूड पुस्तिका होती. स्पीकर भिंतीपासून दोन हात दूर हवेत, ऐकणाऱ्याची खुर्ची बरोबर मध्यावर हवी, आणि मध्ये काहीही नको. सुई नको, टाचणी नको. हे शेवटचं माझं मीठ.

पण संक्रांत आली ती खरोखर सुईवरच. माझी मेहुणी, म्हणजे त्याची बायको, कपडे शिवते. वीस वर्षं तिचं पायमशीन त्या खोलीच्या एकुलत्या एका मोठ्या खिडकीत होतं. ते उचलून न्हाणीघराच्या बोळात गेलं, पिवळ्या बल्बखाली. आठवडा झाला नाही तोच तिने एका वकिलाच्या काळ्या कोटाची उसवलेली बाही गडद निळ्या दोऱ्याने जोडली. वकील कोट घेऊन परत आला, उजेडात उभा राहिला आणि एक शब्दही न बोलता कोट तिथेच ठेवून निघून गेला. वकील गप्प बसतो म्हणजे प्रकरण किती गंभीर, ते तुम्हीच समजा.

"भाऊजी," मेहुणी मला म्हणाली, "अशी अजून दोन गिऱ्हाइकं गेली की माझं काम बंद. मला माझी खिडकी हवी. तुम्ही त्यांच्याशी बोला."

बोलायला गेलो तर साडूने मलाच मधल्या खुर्चीत बसवलं. आता खरं सांगतो, स्पीकर चांगले होते. इतके चांगले की गाणारीची अक्कलदाढ किडलीय हे मला दुसऱ्याच ओळीत कळलं. सारंगीवाल्याचं पोट गुरगुरलं तसं मी मेहुणीला "अगं, चार घास वाढ त्याला" म्हणालो. शेजारचं मांजर बासरीवाल्याला शोधायला स्पीकरच्या मागे गेलं आणि संध्याकाळपर्यंत परत आलं नाही.

"मग? पैसे वसूल आहेत की नाही?" साडू म्हणाला.

"तुझा थेंब आला का?"

तो जरा ओशाळला. "अजून नाही. पुस्तिकेत लिहिलंय, स्पीकर मुरायला वेळ लागतो."

"लोणचं आहे का ते?" मेहुणी बोळातून म्हणाली. "सत्तावीस दिवस झाले. तीस दिवसांच्या आत परत घेतात, तेही लिहिलंय पुस्तिकेत."

"तुला फरक कळत नाही, त्याला मी काय करू?"

"तुम्हाला तरी कळतो का? डोळे बांधून सांगाल? एकीकडे तुमचे स्पीकर, दुसरीकडे पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवलेला माझा फोन."

हा घाव वर्मी लागला. तपासणीला नाही म्हणायचं हे त्याच्या रक्तातच नाही.

आवाज कुठला लावायचा यावर बराच खल झाला. गाणी त्याची पाठ होती. शेवटी मेहुणी म्हणाली, "माझं मशीनच घ्या. वीस वर्षं ऐकताय." मी मशीनचा आवाज फोनवर भरून घेतला. अटी तिनेच सांगितल्या. तीनदा वाजेल. त्यातला स्पीकर कुठला ते सांगायचं. बरोबर आलं तर खिडकी त्याची, चुकलं तर तिची. मग त्याच्या डोळ्यांवर अस्तराच्या कापडाची दुहेरी पट्टी बांधून आम्ही त्याला गॅलरीत उभं केलं आणि खोली मांडली. काय मांडलं ते कळेलच.

मी त्याला हाताला धरून खुर्चीत आणून बसवलं. पहिल्यांदा स्पीकर लावले.

"नाक चोंदलंय," तो म्हणाला. "हा डबा."

दुसऱ्यांदा डबा लावला.

"हाही डबाच. दादा, तुम्ही दोनदा डबा लावून मला फसवताय."

तिसऱ्यांदा आवाज सुरू झाला आणि त्याचे खांदे हळूहळू खाली आले.

"हा," तो अखेर म्हणाला. "हा स्पीकर. पायाखालची फरशीसुद्धा थरथरतेय बघा. पॅडल खाली जाताना करकरतंय. लग्न झालं तेव्हा मी रोज दुपारी या आवाजावर झोपायचो. ऐका, ती मध्येच थांबली, दोरा दाताने तोडला. म्हणे डबा. हे डब्याला जमेल?"

पट्टी डाव्या बाजूला ओली झाली होती.

मी गाठ सोडली. समोर खिडकीत मशीन होतं, मशीनवर मेहुणी, आणि सुईखाली वकिलाच्या कोटाची बाही. या वेळी दोरा काळा होता.

"ही लबाडी झाली," तो म्हणाला. "तिसरं काही असेल हे सांगितलं नव्हतंस."

"तुम्ही दुकानात सांगून जाता का?" तिने विचारलं, मान वर न करता.

काटा खोटा ठरला तर तो स्वतःच्या बापाचाही जप्त करील असा माणूस. मुकाट्याने उठला आणि स्पीकर खोक्यात भरू लागला. मांजरही तेव्हाच सापडलं.

न्यायला आलेल्या माणसाने कागद काढला. "परत का करताय? आवाज खराब?"

"उत्तम आहे. पण घरात याहून चांगला आहे."

"कुठल्या कंपनीचा?"

"कंपनी केव्हाच बुडाली. पायाने चालतो."

त्या माणसाने 'इतर' या रकान्यात खूण केली आणि घाईघाईने निघून गेला.

मधली खुर्ची मात्र साडूने हलवू दिली नाही. कामावरून आला की तिच्यात बसतो, डोळे मिटतो आणि मशीन ऐकतो. अधूनमधून म्हणतो, "जरा खर्ज वाढव." मग ती सुईखाली जीनची पँट घेते. बारीक सूर हवा असेल तर रेशमी ओढणी. खर्जाची चटक लागल्यापासून तो शेजारीपाजारी फाटक्या जीन गोळा करत हिंडतो, त्यामुळे तिला आता श्वास घ्यायला फुरसत नाही.

परवा गेलो तर मधल्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची होती आणि तिच्यात वकील डोळे मिटून बसला होता. कोट अंगावर होता. तो शिवून होऊन महिना झाला होता.