चौथ्या ओळीचा कसावा

शून्य मिनिट.
नाकायिझाने नळी यंत्रात ठेवून झाकण लावलं. नळीत कसाव्याच्या कंदाचा ताजा रस आणि खास साखर. साधी साखर रसातलं विकर घेत नाही; पाठीला एक रेणू चिकटलेली लागते. विकर तो रेणू सोडवतं, साखर साखळीत ओवतं. अशीच स्टार्च वाढते. वाढली, की पडद्यावरचा आकडा चढतो.

पाच.
आकडा हलला नाही.
डॉक्टर ओग्वाल मागे उभे होते. शेतात तीन वर्षं वाढवलेल्या या चौथ्या ओळीला रोग शिवला नव्हता. पण स्टार्चच होत नसेल तर ठेवून काय करायचं? बाहेर दोन मजूर कुदळी टेकून ती उपटायच्या इशाऱ्याची वाट बघत होते.
"नुसती पानं मिरवते," डॉक्टर म्हणाले, "माझ्या मेहुण्यासारखी."
ती हसली नाही.

दहा.
खल बसवलेल्या बादलीवरचं फडकं तिने उचललं. आत बर्फ नव्हता, पाणी होतं. रस कोमट झाला की विकर मरतं, आणि एकोणीस वर्षं ती ते बोटांनीच ओळखत आली होती. आज सकाळीही तिने बोट लावून पाहिलं होतं.
पण बोटं काही सांगेनाशी झाली होती. गेल्या आठवड्यात शेगडीवरचं भांडं उघड्या हातांनी उतरवलं, ते फोड आल्यावर कळलं. घरी कुणाला बोलली नव्हती. नजर अधू झालेल्या जुन्या सहकाऱ्याला इथून थेट फाटकावर राखणीला बसवलं होतं.

पंधरा.
डॉक्टरांनी खिडकीतून हात केला. पहिली कुदळ मातीत घुसली. दुसरी. तिसरी.
"डॉक्टर, थांबवा त्यांना."
"का हो, न्याबो?" बाई म्हणायचं तिथे ते न्याबो म्हणत.
"खोट कसाव्यात नाही. रस मी गरम होऊ दिला."
"तुम्ही? बोट लावून बघितलं नाही?"
"बघितलं." तिने दोन्ही हात पुढे केले. "यांना कळत नाही आता."

वीस.
खाली कुदळी थांबल्या. तीन झाडं आडवी पडली होती. डॉक्टरांनी नवा बर्फ आणला, खल त्यात रुतवला. आता मी घोटतो, म्हणाले, कुठे थांबायचं ते तुम्ही सांगा.
खोलीत एप्रन एकच होता. ती पाठीमागची गाठ सोडू लागली. सुटेना. डॉक्टर मागे गेले. थोड्या वेळाने ते पुन्हा समोर आले. तिची बोटं मात्र अजून मागेच होती, केव्हाच सुटलेली गाठ सोडवत.