आधी चाक उघड, मग भाव सांग

मी जनकाबाईची मोपेड बोलतेय. मला खटारा म्हणणाऱ्यांनी पुढं वाचू नये.

माझा जन्म कारखान्यातला. आईबाप ठाऊक नाहीत, त्याचं दुःखही नाही. पहिले मालक मेहकरचे एक मास्तर. रोज फडक्यानं पुसायचे. नवी गाडी आली आणि मला विसरले. दोन वर्षं माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. माणसं वस्तूला जीव लावतात, पण दुसरी येईपर्यंत.

मग जनकाबाईनं मला घेतलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी एकटीनं गाडी शिकलेली बाई. दोनदा पडली, दोन्ही वेळा दोष मला दिला. तेव्हापासून आमचं जमलं. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लादून आम्ही मेहकरच्या बाजाराला जातो.

मागचा ब्रेक ढिला झाला की ती स्टँडजवळच्या एका दुकानात जायची. तिथला माणूस नट आवळून पन्नास रुपये घ्यायचा. स्वस्त म्हणून तिला तो भला वाटे. आतलं मला माहीत होतं. चाकाला आतून धरणारा लायनर पार झिजला होता. पण मला तोंड कुठंय?

मागच्या महिन्यात उतारावर तिनं सवयीनं मागचाच ब्रेक दाबला आणि मी थांबलेच नाही. समोर शाळा सुटलेली. चप्पल फाटेस्तोवर पाय घासत तिनं मला बाभळीत घातलं, म्हणून पोरं वाचली.

तशीच ढकलत ती मला चंद्रशेखरच्या गॅरेजवर घेऊन आली. त्यानं बाहेरूनच पाहून सांगितलं: दोन्ही चाकांचे लायनर प्रत्येकी दोनशे वीस, वर वायर आणि मजुरी, मिळून साडेनऊशे.

पन्नासाची सवय झालेली बाई भडकली. तिनं मला वळवलंसुद्धा. आता पुन्हा तोच नट आणि तोच उतार. पण दोन पावलांवर ती थांबली.

“काऊन बे, तुले बाहेरूनच दिसलं?”

“अंदाज असते ना मावशी. वीस वर्षांचा हात आहे.”

“वांग्यातली कीड बाहेरून दिसते काय? कापाच लागते. उघड दोन्ही चाकं. माह्यासमोर.”

त्यानं कुरकुरत उघडली. मागचा लायनर नखाएवढा पातळ उरलेला. पुढचा मात्र चांगला जाड, अजून दोन वर्षं चालेल असा. चंद्रशेखर ओशाळला. तिनं समोरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन लायनरचा भाव विचारला. चंद्रशेखरनं सांगितला होता तोच निघाला, दोनशे वीस.

पुढच्या चाकाचे काहीच पैसे नको, असं चंद्रशेखर म्हणाला, तर तिनं त्यालाच झापलं.

“खोललं, पुसलं, बसवलं ना? हाताचं काम फुकट नसते. त्या लायनरचे कमी कर, मजुरी पुरी घे.”

भाजीत रुपया न सोडणाऱ्या बाईनं सातशे तीस रुपये घासाघीस न करता दिले.

पुढच्या बाजारी उतारावर तिनं ब्रेक दाबला. मी जागच्या जागी उभी राहिले. म्हशीच्या पाठीवर मारतात तशी तिनं माझ्यावर थाप मारली. मला आणखी काय पाहिजे?

मोडीत जायची वेळ येईल तेव्हा येईल. तोवर एकच विनवणी. पन्नासात ब्रेक घट्ट झाला म्हणून हुरळू नका, आणि साडेनऊशे ऐकून पळू नका. उघडायला लावा, समोर उभे राहा.

आता बाजारातल्या बाया गाडी दुरुस्तीला नेताना जनकाबाईला सोबत नेतात. तिला येताना पाहिलं की चंद्रशेखर मुकाट्यानं पाना हातात घेतो.