वरचा आकडा, खालचा आकडा

एरवी मी तीनच आकडे बोलतो. वरचा दाब, खालचा दाब आणि नाडीचे ठोके. तेवढं सांगून झालं की मिनिटभरात माझा पडदा विझतो. आज मात्र जरा जास्त बोलणार आहे. मी रक्तदाब मोजायचं यंत्र. दंडाला गुंडाळायचा पट्टा, एक रबरी नळी आणि तळहाताएवढा डबा, एवढाच माझा पसारा.

कारखान्यात माझ्यासारखे शेकडो नग एका दिवसात तयार झाले. पट्टा फुगतो का, हवा गळते का, एवढं बघून मला खोक्यात भरलं. औषधांच्या दुकानात चार महिने फळीवर पडून होतो. मग एक घड्याळजी आले. डॉक्टरांनी त्यांना आणि त्यांच्या बायकोला एकाच आठवड्यात रक्तदाबाची गोळी सुरू केली होती.

"एका घरात दोन पेशंट," ते दुकानदाराला हसत म्हणाले, "यंत्र एकच पुरेल ना?"

पुरलं. माझ्या पोटात दोन माणसांचे आकडे वेगवेगळे ठेवायची सोय आहे. पहिलं बटण घड्याळजींचं, दुसरं बाईंचं. पहिल्या दिवशी त्यांचा आकडा आला एकशे बासष्ट, अठ्ठ्याण्णव. बाईंचा एकशे साठ, शहाण्णव.

"इथेही तू माझ्या दोन पावलं मागेच," ते म्हणाले.

बाई एका शाळेचं ग्रंथालय सांभाळत. त्यांनी नुसतं "पुरे" म्हटलं.

महिन्याभरात गोळीनं दोघांचेही आकडे उतरले. पण डॉक्टरांनी गोळीबरोबर आणखीही बरंच सांगितलं होतं आणि तिथे दोघांच्या वाटा फुटल्या. बाई शाळेत चालत जाऊ लागल्या. पहिले आठ दिवस पाय दुखतात म्हणून कुरकुरल्या, मग बसची वेळच विसरून गेल्या. जेवणाच्या टेबलावरची मिठाची बाटली त्यांनी उचलून ठेवली. घड्याळजींनी ती शोधून काढली. ते सकाळी नऊला दुकानात बसत ते संध्याकाळी आठला उठत. डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि तासातासाला सिगारेट. पोट टेबलाला टेकायला लागलं, तेव्हा त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

"अहो, बाकीचं राहू दे. निदान सिगारेट तरी सोडा."

यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. पट्टा गुंडाळायचा, बटण दाबायचं. "हे बघ. एकशे सव्वीस, ब्याऐंशी. तुझ्याहून चांगला! गोळी घेतोय ना मी? मग कशाला डोकं खातेस?"

बाई माझ्याकडे बघत. मी काय बोलणार? आकडा खराच होता. रक्ताचा दाब मला कळतो. धुरानं आतून खरवडलेल्या रक्तवाहिन्या मला दिसत नाहीत. दिवसभर बसून सुस्तावलेलं अंग मला मोजता येत नाही. घड्याळजींचा अचूक यंत्रांवर फार विश्वास होता. माझ्यावरही होता.

साडेतीन वर्षं असंच चाललं. मग एका मंगळवारी सकाळी मी एकशे चोवीस, ऐंशी दाखवले. "फर्स्ट क्लास!" म्हणत ते दुकानात गेले. अकराच्या सुमारास एक गिऱ्हाईक आपलं घड्याळ न्यायला आलं, तर हे टेबलावर वाकलेले. त्याला वाटलं, काहीतरी बारीक काम चाललंय. तो दोन मिनिटं वाट बघत उभा राहिला. हार्ट अटॅक होता. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. हे मला कळलं घड्याळजींच्या धाकट्या भावाकडून. घरात आल्यागेल्या प्रत्येकाला तो हेच सांगत होता, दर वेळी त्याच शब्दांत.

बाई रडल्या नाहीत. लोक येत, बसत, जात. त्या पाणी देत, खुर्च्या जागेवर लावत. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी मला ओढून घेतलं, पट्टा बांधला आणि पहिलं बटण दाबलं. दुसऱ्या दिवशीही पहिलंच. चुकून की मुद्दाम, मला कळलं नाही. त्यांचे आकडे मी घड्याळजींच्या आकड्यांखाली ठेवत गेलो. एकशे अडतीस. एकशे सत्तेचाळीस. एकशे अठ्ठावन्न. शाळेतून रजा घेतलेली, चालणं बंद, गोळी आठवली तर आठवली. माझा पडदा वाचताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलत नसे. शेजारच्यांचा फोन नंबर वाचावा, तसं वाचत.

तीन महिन्यांनी तोच धाकटा दीर पुन्हा आला. बस चालवतो, म्हणजे हाही दिवसभर बसूनच.

"वहिनी, माझंही बघा ना. मलाही गोळी सुरू झालीय."

बाईंनी पट्टा बांधला. एकशे अठ्ठावीस, ऐंशी.

"बघा! अगदी दादासारखं," तो खूश होऊन म्हणाला आणि त्यानं खिशातलं सिगारेटचं पाकीट काढलं.

बाई त्या पाकिटाकडे बघत राहिल्या.

"भावोजी, त्या दिवशी सकाळी ह्यांचा एकशे चोवीस होता."

दीरानं पाकीट पुन्हा खिशात सरकवलं.

"मीच वाचला होता. वाचला आणि डबा भरून दिला."

"मग गोळी घ्यायची तरी कशाला?"

"घ्यायचीच. तिचं काम तिनं केलं." त्यांचा आवाज चढला नाही की भरून आला नाही. "बाकीचं काम आपलं होतं. ते ह्यांनी तिच्यावरच ढकललं. आणि मी तर गोळीही धड घेत नाहीये. उठा."

"कुठे?"

"माहीत नाही. कोपऱ्यापर्यंत."

त्याला धड बूटही घालू दिले नाहीत. वीस मिनिटांनी दोघं परत आले. त्याला धाप लागली होती. बाईंनी फक्त विचारलं, "उद्या किती वाजता?"

याला आता वर्ष होत आलं. दीर आठवड्यातून चार दिवस येतो. सिगारेट दिवसाला दोनवर आली आहे, सुटलेली नाही. बाई पुन्हा शाळेत जातात, चालत. गोळी चुकत नाही. आज सकाळी एकशे बत्तीस आले. बरं वाटतं का, असं कुणी विचारलं तर "काय की" म्हणतात आणि चपला घालतात.

माझी नळी आता चिरत चालली आहे, पट्टा नीट चिकटत नाही. फार दिवस चालेन असं वाटत नाही. माझ्या जागी नवं यंत्र येईल. त्यालाही रोज विचारा. ते खोटं सांगणार नाही. पण आकडा चांगला आला म्हणून पुन्हा खुर्चीत बसू नका.